लगामाचं तेल

रामनाथचा हात मुळातच जड. वरातीत घोडा जरा बिचकला, की तो लगामाला असा हिसका द्यायचा की घोड्याच्या तोंडातून रक्ताचा फेस यायचा. त्यात लगामाचं कातडं सुकलेलं असलं, की मुक्या जिवाचे गालही सोलून निघायचे. म्हणून त्याची बायको कमळा रोज पट्ट्यांना एरंडेल चोळायची, आणि बांधताना गालापाशी दोन बोटं सैल सोडायची.

पुढे त्यांच्या गावात, दापोड्याला, मालाची गोदामं झाली आणि घोडा विकून रामनाथने टेम्पो घेतला. लगाम खुंटीवरच राहिला. कमळाचं तेल चोळणं काही सुटलं नाही.

शेजारीण हसली, "घोडा जाऊन वरीस झाला. आता कोनासाठी चोळतेस गो?"



कमळाने पाठीवर पदर ओढून घेतला. "सुका पट्टा पाठ फोडतो, बाय."