सात वेळा तपासलेलं आत्मचरित्र

सकाळी अकरा वाजता दिगंबर उपासनी आत्मचरित्राचं बाड परत न्यायला संपादक काणेकरबाईंकडे आले. सोबत पेढे होते. स्वतः सात वेळा तपासलेल्या पुस्तकात बाईंना काही सापडेल, असं त्यांना वाटतच नव्हतं; प्रकाशकाच्या हट्टापायी त्यांनी ते दाखवलं होतं.

बाईंनी पेढा घेण्याआधी एकच विचारलं, "काका, बावन्नाव्या पानापर्यंत धाकटा भाऊ सतत तुमच्याबरोबर आहे. पुढे कुठेच नाही. गेले का ते?"

"जातोय कुठला! सांगलीत ठणठणीत आहे. भांडलो आम्ही. मग दर तपासणीत त्याला थोडा थोडा कापला."

"भांडण कशावरून?"

उपासनी बाडाची पानं उलटू लागले. कापता कापता कारणही कुठेतरी गेलं होतं. "वीस वर्षं झाली हो. नीट आठवत नाही."

"मग त्यांनाच विचारा. तेवढं प्रकरण आलं की पुस्तक पूर्ण."

"हे संपादन आहे की पंचायत?" पुटपुटत त्यांनी बाईंच्या टेबलावरचा फोन ओढला. नंबर मात्र पाठ होता.

सांगलीत फोन उचलला गेला आहे. अजून दोघांपैकी कुणीच बोललेलं नाही.