आवाज कमी करून द्या

"याचा आवाज कमी करून द्या," म्हणत कुमुदताई मोहिल्यांनी नवऱ्याचा हेडफोन आणि त्याची माइकवाली ॲम्प्लिफायरची डबी काउंटरवर ठेवली. "दिवसभर गाणी! कान जातील अशाने. हाक मारली की ओ देतात, एवढंच नशीब."

दुकानातल्या रेश्माने पाहिलं, तर आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. तिने डबी दुकानातल्या संगणकाला जोडली आणि भैरवी लावून हेडफोनच्या गाद्या कुमुदताईंच्या कानांवर नीट बसवल्या. गाणं जेमतेम ऐकू येत होतं. रेश्मा संगणकाच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा न्याहाळत राहिली.

"काकू, काकांना मारता तशी हाक मारा बघू."

"अहो," त्या पुटपुटल्या आणि दचकल्या. हाक घंटेसारखी कानांत घुमली.

"बिघडलाय का गं?"

"नाही. मालकाचे कान ज्याची वाट बघतात, तेच मोठं करायला हा शिकतो. कमी करू आवाज?"

कुमुदताईंनी हेडफोन काढला आणि दारातून हाक मारली. मग ओरडून मारली. बाहेरच्या बाकावरची दोन अनोळखी माणसं वळली. त्यांच्या शेजारी बसलेला नवरा मात्र रस्ताच बघत होता.

त्या जवळ गेल्या, डबी नवऱ्याच्या खिशात सरकवली, गाद्या त्यांच्या कानांवर बसवल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो."

"ओ."