उपरण्याखालचा भाव

गिरधर आबांनी उपरण्याखालून हात पुढे केला, तशी दुकानदारीण दोन पावलं मागे सरली. शेजारच्या दुकानातल्या पोरी तोंड दाबून हसू लागल्या. भिकुबाईला वाटलं, काठमांडूची ही फरसबंदी दुभंगावी आणि नवऱ्याला नाही तर निदान आपल्याला तरी पोटात घ्यावं.

आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. डोकं तेवढं धुळ्याच्या बैलबाजारातून हललं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी तिथे दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात धरायचा आणि बोटं दाबायची. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. विकणाऱ्याला एक आकडा कळतो, घेणाऱ्याला दुसरा, आणि मधलं जे उरतं ते आबांच्या खिशात.

पण इथे मुलूख परका. यात्रेची मोटार जळगावहून निघाली तेव्हाच यात्रा नेणाऱ्या रुपचंदभाऊंनी बजावलं होतं, नेपाळचा रुपया वेगळा. सरहद्दीवर आपल्या शंभराचे त्यांचे एकशे एकोणचाळीस मिळतात, ते बदलून घ्या. सगळ्या मोटारीने घेतले. आबांनी नाही घेतले.

"शंभरना एकशे एकोणचाळीस देस म्हणजे नोटच हलकी," ते म्हणाले. "हलका माल आपण लेत नही."

आणि पाच दिवस ते दुकानादुकानात कानावर पडलेल्या आकड्याइतके आपले भारी रुपये मोजत राहिले. दहा सांगितले, दहा दिले. दुकानदार हात जोडत. एक चहावाला तर त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला आला.

"लोके भलता गोड शेतस," आबा म्हणत.

त्या गोडीचं कारण भिकुबाईला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिने सांगूनही पाहिलं. "तुले यवहारमा काय समजस?" असं आबा म्हणाले. मग संपलंच. त्यांच्या घरात कुठलंही बोलणं या वाक्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. तिच्या हातात नोट पडायची ती देवापुढे ठेवण्यापुरती.

आता मात्र थंडीने तिचे दात वाजत होते. आबांनी स्वतःपुरता लोकरी कोट आणला होता. बाईमाणसाला नऊवारी पुरते असा त्यांचा समज. समोर जाड तपकिरी शाल टांगली होती. दुकानदारीण म्हणाली, एक सौ चालीस. आबा शंभराच्या वर जाणार नाहीत, हे भिकुबाईला पक्कं ठाऊक होतं. शाल आज मिळाली नाही तर पुढचे चार दिवस या वाऱ्यात तिलाच कुडकुडायचं होतं.

"तू हात घाल," आबा वैतागून म्हणाले. "बाईना हातले बाईना हात. एक बोट म्हणजे दहा. दोन पंजा दे. वर एक बोट बी नही."

"माले कुठे यवहार समजस?"

"बोटे मोजता येतस ना?"

येत होती. बाजारातून आले की आबा दिवसभराचा सौदा फुशारकीने तिच्याच बोटांवर दाबून दाखवत. कुठे अडलं, कुठे गडी नरमला, सगळं. ते दाबत गेले, ती शिकत गेली. त्यांना वाटायचं, ही नुसती हूं हूं करते.

भिकुबाईने उपरणं घेतलं. कनवटीची पाचाची नोट हळूच काढली. तिच्यावर नेपाळच्या राजाचं चित्र होतं. कुणीतरी सुटे पैसे म्हणून दिलेली ती नोट आबांनी 'हलकी शे, देऊळमा टाक' म्हणून तिच्याकडे फेकली होती. उपरण्याची कड जराशी उचलून तिने ती दुकानदारिणीला दाखवली आणि परत कनवटीला लावली. दुकानदारिणीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. होकारार्थी मान हलवली. मग स्वतःच हात उपरण्याखाली घातला.

भिकुबाईने एक बोट दाबलं आणि हळूच 'दस' म्हणाली. चौदा बोटं आली. भिकुबाईने सात दिली. बारा आली. आठ. दोघींची तोंडं अगदी कोरी. आबा बैलाचे दात बघावेत तसे वाकून बघत होते. दुकानदारिणीचा हात उबदार होता, म्हणून भिकुबाईने सौदा गरजेपेक्षा थोडा लांबवला. शेवटी तिने दोन पंजे दिले आणि घट्ट धरून ठेवले. समोरचा हात सैल पडला.

"कितलामा ठरनं?" आबांनी विचारलं.

"दोन पंजा."

आबांची छाती फुगली. "देख, बोटेसनी भाषा बठ्ठा देशमा एकच."

सौदा जो करील त्याच्याच हातून पैसा जायचा, ही बाजाराची रीत. रीत मोडणं आबांना जमणारं नव्हतं. त्यांनी शंभराची करकरीत नोट काढली आणि तिच्या हातात ठेवली.

तिने ती दुकानदारिणीला दिली. दुकानदारिणीने शाल तिच्या खांद्यावर घातली, गल्ला उघडला आणि राजाचं चित्र असलेले एकोणचाळीस रुपये तिच्या हातावर मोजले. ठरलेले शंभर नेपाळचे होते. दिलेले शंभर आपले होते.

भिकुबाईने पैसे कनवटीला खोचले.

"हा पैसा कसाना?" आबांनी डोळे वटारले.

शाल अंगाभोवती ओढून घेत ती दुकानाची पायरी उतरली.

"तुमना बाजारमा दलालले हाई कोणी इचारस का?"