कवळ्या शेंगांची पोपटी

गोमानं वालाचं पहिलं रोप उपटलं तसा सुंदरानं त्याचा हात धरला.

"अवो, दाणा तरी भरू द्या. नुसत्या पापड्या हायेत."

"दाणा भरायला महिना लागंल," गोमा म्हणाला. "आन पोरगी उद्याच्याला चाललीय."

हे तो हळू बोलला. कारण पोरगी, म्हणजे त्यांची थोरली जिजा, दहा वर्षांची, पलीकडच्या बांधावर भांबुर्ड्याचा पाला खुडत होती. धाकट्या आवडीला मोठ्या तोऱ्यात सांगत होती, की हा पाला मडक्याच्या तळाला घालायचा आणि तोंडालाही कोंबायचा, नाहीतर शेंगा करपतात. उद्या सकाळच्या एसटीनं तिला कडावहून कर्जतला न्यायचं, तिथून नात्यातला आबाजी तिला पुण्याला पोचवणार. एका बाईंचं तान्हं पोर सांभाळायला. म्हैस पावसाळ्यात मेली तेव्हापासून घरात दुधाचा पैसा येत नव्हता, आणि बाईंकडं जिजाला दोन वेळा पोटभर मिळणार होतं. सगळं ठरलं होतं. जिजाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"तुमी सांगा," असं सुंदरा चार दिवस म्हणत होती. "सांगतो," असं गोमा चार दिवस म्हणत होता. आणि शेवटी या माणसानं काय केलं, तर शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची काढली. पोरगी दरसाल पोपटीची वाट बघते, निदान ती खाऊन तरी जाऊ दे म्हणे. बापाचं डोकं. देण्यासारखं दुसरं काही जवळ नसलं की ते असंच चालतं.

तसं पोपटीला लागतं काय? शेंगा आपल्या शेतातल्या, पाला बांधावरचा, मडकं जुनं, पेंढा घरचा. मीठ आणि ओवा तेवढा डब्यातला, आणि कोंबडीची दोन अंडी. पण पोपटी लावायची ती रात्री, चार घरं गोळा करून, एकमेकांची टिंगल करत. ही लागली भरदुपारी आणि चौघांतच. रात्री जिजाची पिशवी भरायची होती, आणि शेजारी आले असते तर कुणाच्या तरी तोंडून नको ते निघालं असतं.

"बा, सखाकाकाला हाळी देऊ?" जिजानं विचारलं.

"नको गं. आज आपली आपल्यालाच."

गोमानं भरलेलं मडकं उपडं घातलं, वर पेंढा आणि गोवऱ्या रचल्या, काडी ओढली. मग आवडीला खांद्यावर घेऊन तो जाळाभोवती नाचला, तोंडं वेडीवाकडी केली. एरवी हा हसणारा माणूस नव्हे. त्यामुळं ते हसणं त्याला नीट जमेना, आणि एकदा सुरू केलेलं थांबवताही येईना. आवडी खिदळत होती. जिजाही हसली, पण मधेच थांबून बापाकडं बघायला लागली. सुंदरा सगळ्यांकडं पाठ करून उगाच पेंढा सारखा करत बसली.

जाळ बसल्यावर गोमानं मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. "झाली," तो म्हणाला, आणि मडकं गोणपाटावर रिकामं केलं.

शेंगा चपट्या त्या चपट्याच. आवडीनं एक सोलली, दुसरी सोलली, तिसरी सोलली. "आये, यात दाणंच नायत," म्हणून तिनं भोकाड पसरलं.

"कवळ्या हायत, सालीसकट चोख," जिजानं तिला सांगितलं आणि बापाकडं वळली. "एवढी घाई कशापायी केली, बा?"

गोमानं शेंगांतून अंडी वेचून काढली, एक सोललं आणि जिजाच्या हातावर ठेवलं.

"अख्खं?" जिजा म्हणाली. त्या घरात अंडं कधी एकाचं नसायचं. दोऱ्यानं कापून त्याचे चार भाग व्हायचे, आणि त्यातला मोठा भाग आवडीचा.

"अख्खं. खा."

जिजा हातातल्या अंड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोंडीला तिच्या बानं जत्रेला नेलं होतं." कोंडी त्यांच्याच आळीतली. "बांगड्या भरल्या, पाळण्यात बसवली. दुसऱ्या दिवशी ती पनवेलला गेली कामाला."

तिनं मान वर केली.

"मी कधी जायचं, बा?"

चार दिवस गोमा शब्द जुळवत होता. आता एकच पुरला. "उद्या."

सुंदरानं पदर तोंडाशी नेला. जिजा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, गोमाला तिला जवळ तरी घेता आलं असतं. ती गोणपाटाच्या कडेला बसली आणि अंडं खायला लागली, सावकाश, मीठ लावून. आवडीनं सवयीनं हात पुढं केला. जिजानं तिच्याकडं पाठ फिरवली. एरवी अशा वेळी सुंदरा हटकून म्हणायची, दे गं तिला, ल्हान हाय. आज ती गप्प राहिली. आवडी पुन्हा रडायच्या बेतात आली तसं गोमानं घाईघाईनं दुसरं अंडं सोललं आणि तिच्यापुढं धरलं.

जिजानं चटकन त्याचं मनगट पकडलं.

"तिला अख्खं देऊ नको, बा."