अर्ध्या तासाची खाट

तांड्यावर कोरोनाची लस येणार म्हणून लालीबाईनं पहाटेच शाळेच्या अंगणात सडा टाकला आणि रांगेत पहिली उभी राहिली. दहा वाजता यवतमाळहून गाड्या आल्या. एकाही गाडीवाल्याला तांड्याचं नाव माहीत नव्हतं.

"ज्यांनी मोबाईलवर नंबर लावला, त्यांनाच मिळेल," नर्सबाई मान खाली घालून म्हणाली.

तांड्यात टेकडीवर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज नव्हती. सगळे नंबर गाड्यांतून आलेल्या या शहरातल्यांनी आदल्या दिवशीच लावून टाकले होते.

लस घेतल्यावर अर्धा तास थांबावं लागतं. लालीबाईनं घरातली खाट आणून निंबाखाली टाकली, गाडीवाल्यांना पाणी दिलं. मुलगा धरमसिंग चिडला, तर त्यालाच म्हणाली, "पाव्हने हायेत. त्याहिले उन्हात कायले उभं ठेवतं?"

महिनाभरात लालीबाई कोरोनानं गेली. तिच्या मागोमाग तांड्यातली आणखी चार माणसं गेली.

मग एक साहेब त्याच शाळेत जनजागृतीचं भाषण द्यायला आले. माईक हातात घेऊन ओरडले, "तुम्ही लोक लसीला घाबरता, म्हणून मरता!"

धरमसिंग उठून उभा राहिला.

"साहेब, लस घेऊन तुम्ही याच निंबाखाली अर्धा तास बसले होते. ज्या खाटेवर बसले, तिच्यावरच माही याडी, माही माय, तडफडून मेली. आता तुम्हीच सांगा, कोनाले घाबरली होती माही याडी?"