गाण्यातलं नाव

पाठोपाठच्या बहिणी, पाठोपाठचे वाढदिवस: काल थोरलीचा, आज धाकटीचा. दवाखान्यात सलग दोन पाळ्या करून आई पाय ओढत घरी आली. गणवेशही न बदलता तिनं केकवर मेणबत्त्या लावल्या, टाळ्या वाजवत गाणं धरलं. पण ऐन गाण्यात नाव आलं थोरलीचं. फुंकर मारायला फुगलेले धाकटीचे गाल हळूहळू बसले आणि डोळे भरले. “तुला मी आठवतच नाही!” आईला समजूत घालायची होती, पण जीभसुद्धा दमली होती. तेवढ्यात थोरली खिदळली. “अगं वेडाबाई, रडतेस काय? काल आई फोनवर माझं गाणं म्हणाली ना, तेव्हा तिनं तुझंच नाव घेतलं! झाली फिट्टंफाट!” धाकटी खुदकन हसली. एका दमात चारही मेणबत्त्या विझल्या. थोरली बशा मांडू लागली. काल घरी फोन करायचाच राहिला होता, हे आईला आत्ता आठवलं.