साबण लावलेला गज

"लाव रे बाबा, फार विचार करत बसू नकोस," ताई म्हणाली आणि साबणाची वडी तिने टेबलावरून भावाकडे सरकवली.

हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे एक लहानशी खोली होती. वाढपी तिथे आपले कोट टांगत, आणि संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये वाजवणारी ही दोन भावंडं आपल्या पेट्या उघडत. ताईचा चेलो, भावाचं व्हायोलिन. ताईने आपल्या गजाला साबण केव्हाच चोळला होता. साबण चोळलेला गज तारेवरून नुसता घसरतो. आवाज निघत नाही.

"एकदा साबण लागला की गजाच्या या केसांवर राळ पुन्हा धरत नाही, आणि राळेशिवाय तार बोलत नाही," तो म्हणाला. "परत वाजवायचं म्हटलं तर सगळे केस बदलावे लागतील."

"परत वाजवायचंय कुठे?"

मॅनेजरने मागे एकदा दुपारी दोघांना रिकाम्या हॉलमध्ये बसवून त्यांचा सगळा कार्यक्रम रेकॉर्ड करून घेतला होता. "सहज, आठवण म्हणून." आता तोच रोज खांबांवरच्या स्पीकरमधून वाजायचा. पाहुण्यांना वाद्यं दिसायला मात्र हवी होती, म्हणून या दोघांनी समोर बसून हात फिरवायचे. हात फिरवण्याचे पैसे निम्मे. रेकॉर्डिंगचे काहीच नाहीत. त्या दिवसाचा पगार दिला होता की, असं मॅनेजरचं म्हणणं.

काल घोटाळा झाला होता. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी त्याचं बोट जरासं सरकलं होतं आणि सूर उतरला होता. रोज संध्याकाळी तो तिथेच, तसाच उतरायचा. काल त्याला राहवलं नाही. ती जागा येताच त्याने गज तारेवर टेकवला आणि सूर नीट लावला. हॉलमध्ये दोन्ही सूर एकदम ऐकू आले, चुकलेला आणि बरोबर. बऱ्याच माना वळल्या. नंतर मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. पुन्हा असं झालं तर तुम्हा दोघांच्या जागी कुंड्या ठेवीन, म्हणाला.

"मी त्याला म्हटलं, फुकट वाजवतो, तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा," तो ताईला सांगू लागला. "तर म्हणतो, कुणाला कळतंय?"

"खरंच आहे की. मला तरी कुठे कळलं होतं?"

"तुला कळलं होतं, ताई."

"हो. कळलं होतं."

ती कोटाचं बटण लावायला बघत होती. सांधे सुजले होते, बोटं वळत नव्हती. त्याने उठून बटण लावून दिलं. या हातांनी चेलोवर आता खरोखर एक गतही पुरी वाजली नसती. मॅनेजरला ते ठाऊक नव्हतं, आणि हात फिरवण्यापुरतं ते ठाऊक होण्याचं कारणही नव्हतं.

"तुला अजून कुणीही बोलावेल," ताई म्हणाली. "मला कोण बसवून घेणार? कुंडीसुद्धा माझ्यापेक्षा हिरवीगार दिसेल."

"आणि मी नाही लावला साबण तर?"

"तर नको लावूस. मी काय तुझा हात धरून लावणार आहे?"

ती हसली, पण वडी तिने परत घेतली नाही.

त्याने वडी उचलली आणि राळ लावायचा तसाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश साबण चोळत गेला.

हॉल भरला होता. स्पीकर सुरू झाले, तसे दोघांचे हातही सुरू झाले. ती जागा आली. सूर उतरला. त्याचा गज न थांबता त्यावरून निघून गेला. ताई तेवढा वेळ जमिनीकडे बघत होती.

थोड्या वेळाने समोरच्या टेबलावरच्या एक बाई उठून त्यांच्यापाशी आल्या.

"किती सुंदर वाजवता हो! पण जरा हळू वाजवाल का? आईला ऐकायला कमी येतं, आमचं बोलणंच होत नाहीये."

स्पीकरची कळ मॅनेजरच्या खोलीत होती. त्याने ताईकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"हो हो, हळू वाजवतो," तो म्हणाला.

त्याने मनगट सैल सोडलं आणि गजाचा अगदी थोडा भाग वापरत, जपून, हलकेच हात फिरवू लागला. ताईनेही खांदे उतरवले. संगीत होतं तेवढंच राहिलं.

बाई आपल्या टेबलापाशी पोचल्या, क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या. मग तिथूनच त्यांनी 'आता कसं छान' अशी खूण केली, आणि आईच्या कानाशी वाकून पूर्वीइतक्याच मोठ्याने ओरडून बोलू लागल्या.